चित्रवाचन पहिलीत संपत नाही

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील मूल शाळेत पहिले पाऊल टाकते तेव्हा त्याच्यापुढे अक्षर येण्याआधी चित्र येते. बाजाराचे, शेताचे, जत्रेचे किंवा घराच्या अंगणाचे ते चित्र असते. या चित्रात काय काय दिसते, कोण काय करीत आहे, असे गुरुजी विचारतात आणि मुले चढाओढीने उत्तरे देतात. या पाठाला आपल्या शिक्षणव्यवस्थेने फार समर्पक नाव दिले आहे. ते नाव म्हणजे चित्रवाचन. चित्र नुसते पाहावयाचे नसते, ते वाचावयाचे असते, ही जाण त्या एका शब्दात आहे. परंतु मुलाला अक्षरे ओळखता येऊ लागली की चित्रवाचन मागे पडते. ती अक्षरांकडे जाण्याची पायरी होती, आता तिचे काम संपले, असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते. पुढे दहावीपर्यंत शब्दार्थ, व्याकरण, रसग्रहण आणि निबंध यांचा अभ्यास होतो. समोर आलेले छायाचित्र कोणी, कोठे, कधी आणि कशासाठी घेतले असावे, हा प्रश्न मात्र बहुधा कोणीही विचारीत नाही.

ज्या काळी खेड्यात आठवड्याला एखादे वर्तमानपत्र येत असे आणि चित्रपट जत्रेच्या तंबूत वर्षातून एकदा दिसत असे, त्या काळी ही उणीव खपून गेली. आज प्रत्येक घरात, बहुधा प्रत्येक हातात, छायाचित्रे घेणारे, दाखविणारे आणि क्षणात दूरवर धाडणारे यंत्र आहे. पहाटे डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत तरुण मुलगा जितका मजकूर वाचतो त्याहून कितीतरी अधिक चित्रे पाहतो. त्याचे जगाविषयीचे ज्ञान, भीती, राग आणि आकांक्षा यांची जडणघडण या चित्रांतून होत आहे. अशा वेळी चित्र वाचता न येणे हे एक प्रकारचे निरक्षरत्वच होय, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

रैनपाड्याचा धडा

या निरक्षरत्वाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात रैनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे त्या दिवशी तेथे आली. त्यांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातील होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जीवनक्रम. परंतु त्या आधीचे कित्येक दिवस त्या परिसरातील भ्रमणध्वनींवर मुले पळविणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश, छायाचित्रे आणि चित्रफिती फिरत होत्या. अनोळखी माणसे पाहताच संशय उठला, जमाव जमला आणि पाचही जणांना ठेचून मारण्यात आले. हे घडले ते गावच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. त्याच रात्री मालेगाव येथेही अशाच संशयावरून जमावाने काही माणसांना घेरले होते. त्यांत एक लहान मूलही होते. पोलिसांनी त्यांची सुटका केली म्हणून तेथे अनर्थ टळला.

त्या काळात कोणती चित्रे फिरत होती, हे पाहणे उद्‌बोधक आहे. एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत. देशाच्या अनेक भागांत ती फिरली. वस्तुतः ती पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तयार केलेली जनजागृतीची चित्रफीत होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. हा शेवट कोणीतरी कापून टाकला. जो भाग उरला त्यातील प्रत्येक दृश्य कॅमेऱ्याने खरोखर टिपलेले होते, तरीही ती संपूर्ण चित्रफीत खोटी झाली होती. मृत बालकांची जी छायाचित्रे फिरली ती सीरियातील होती. २०१३ साली तेथे झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात ती मुले बळी पडली होती. छायाचित्र खरे, मृत्यू खरे. पण गाव, साल आणि कारण मात्र खोटे.

रैनपाड्याच्या जमावात शाळेची पायरी न चढलेलेच सारे होते, असे मानून स्वतःचे समाधान करून घेणे सोपे आहे. तसे समजण्यास आधार नाही. हे संदेश पुढे धाडणाऱ्यांत, राज्यात आणि राज्याबाहेर, शिकलेली माणसेही होतीच. त्यांना अक्षरे वाचता येत होती. परंतु हे कोठले आहे, याच्या आधी काय झाले, नंतर काय झाले, हे विचारण्याची सवय त्यांना कोणी लावलेली नव्हती.

डोळ्यांवरचा विश्वास

चित्रावर माणसाचा विश्वास इतक्या लवकर का बसतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे. ऐकीव गोष्टीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खरी, असे आपण परंपरेने मानीत आलो आहोत. कानाने ऐकलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले यांत चार बोटांचे अंतर असते, ही म्हण खेडोपाडी रूढ आहे. जोपर्यंत पाहणे म्हणजे प्रत्यक्ष जागी उभे राहून पाहणे होते, तोपर्यंत या म्हणीतील शहाणपण निर्विवाद होते. छायाचित्र पाहताना मात्र आपण घटना पाहत नाही. दुसऱ्या कोणीतरी निवडलेला क्षण, त्याने निवडलेल्या जागेवरून, त्याने आखलेल्या चौकटीतून आपण पाहत असतो. चित्र डोळ्यांनी पाहिले तरी ते ऐकीवच असते. सांगणारा मात्र दिसत नाही, एवढाच फरक.

चित्रांची ही लबाडी संगणकाबरोबर जन्माला आलेली नाही. १९१७ साली इंग्लंडमधील कॉटिंग्ली या गावी दोन मुलींनी कागदावर पऱ्यांची चित्रे काढून ती कापली, टाचण्यांनी गवतात उभी केली आणि त्यांच्यासह स्वतःची छायाचित्रे काढली. शेरलॉक होम्ससारखा चाणाक्ष गुप्तहेर निर्माण करणाऱ्या सर आर्थर कॉनन डॉयल यांनीही त्या पऱ्या खऱ्या मानल्या आणि १९२० साली त्यांविषयी लेख लिहिला. छायाचित्रे बनावट होती, याची कबुली त्या दोघींनी दिली ती १९८३ साली, वार्धक्यात. सोव्हिएत रशियात स्टॅलिनच्या शेजारून चालणारा येझोव्ह हा अधिकारी १९४० मध्ये मृत्युदंडाला सामोरा गेला आणि त्यानंतर जुन्या छायाचित्रातूनही तो नाहीसा झाला. तेथे नुसते कालव्याचे पाणी उरले.

आपल्याकडे याच्या नेमके उलट उदाहरण आहे आणि त्याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित करणारे दादासाहेब फाळके हे पडद्यावरील चमत्कारांचे निष्णात कारागीर होते. परंतु १९१७ साली याच फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचा लघुपट काढला आणि पडद्यामागे काय चालते ते प्रेक्षकांना दाखविले. जादू दाखविणाऱ्यानेच जादूची कृती सांगावी, यात लोकशिक्षकाची दृष्टी आहे. आजच्या तरुणाला चित्राविषयी जे शिकवावयाचे त्याचा आरंभ महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे, हे आपण विसरता कामा नये.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथी परंपरेतूनही हाच बोध मिळतो. चित्रकथी श्रोत्यांपुढे एकेक चित्र धरतो आणि गाऊन कथा सांगतो. चित्र मुके असते, त्याला वाणी देतो तो कथेकरी. पिंगुळीच्या श्रोत्यांना कथेकरी समोर दिसत असे. भ्रमणध्वनीवरील चित्रालाही कोणीतरी कथेकरी असतोच, पण तो अदृश्य असतो. त्याला शोधून काढणे हेच चित्रवाचनाचे पहिले काम.

फसवणुकीच्या चार वाटा

चित्राने होणारी दिशाभूल मुख्यत्वे चार प्रकारची असते. ती तरुणांना नावानिशी ओळखता आली पाहिजे.

पहिला प्रकार म्हणजे खऱ्या चित्राला खोटे नाव. गेल्या वर्षीच्या पुराचे छायाचित्र यंदाचे म्हणून आणि परराज्यातील दंगलीचे दृश्य आपल्या जिल्ह्यातील म्हणून पाठविले जाते. याला ना कौशल्य लागते, ना यंत्र. म्हणूनच हा प्रकार सर्वांत सोपा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे कापाकापी. चौकटीच्या बाहेर काय ठेवले, फितीचा आरंभ आणि शेवट कोठे केला, यावर अर्थ बदलतो. कराचीची चित्रफीत हे त्याचे ठळक उदाहरण.

तिसरा प्रकार म्हणजे जोडणी. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने १९२०च्या सुमारास एका नटाच्या भावहीन चेहऱ्याचे एकच दृश्य कधी सूपच्या वाडग्यानंतर, कधी शवपेटीतील मुलानंतर जोडून दाखविले. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक आणि एकदा दुःख दिसले, अशी त्या प्रयोगाची ख्याती आहे. दोन चित्रांच्या मध्ये जे नसते ते पाहणारा स्वतःच भरतो. ध्वनी आणि संगीत यांची जोडही असेच काम करते.

चौथा प्रकार म्हणजे निर्मिती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने न घडलेल्या घटनेचे चित्र, न बोललेल्या माणसाचे बोलणे आणि एकाच्या देहावर दुसऱ्याचा चेहरा आता अल्प श्रमात तयार करता येतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका खेळाच्या ॲपची भलामण करीत असल्याची चित्रफीत पसरली. ती बनावट आहे, असे स्वतः तेंडुलकर यांना जाहीर करावे लागले. ज्यांचा चेहरा आणि आवाज घराघरांत ओळखीचा, त्यांच्याबाबत हे घडते, तर गावातील सामान्य माणसाची काय कथा!

याच वाटेने पैशाचीही लूट होते. तथाकथित ‘डिजिटल अटक’ हा त्यातला अलीकडचा प्रकार. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पोलिसी गणवेशातील माणूस दिसतो, त्याच्या मागे कार्यालयाचा देखावा आणि भिंतीवर बोधचिन्ह असते. घाबरलेला नागरिक आयुष्याची पुंजी त्याच्या हवाली करतो. अशी अटक आपल्या कायद्यात अस्तित्वातच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मधील ‘मन की बात’ या कार्यक्रमात याबाबत देशाला सावध केले होते. येथे माणूस फसतो तो गणवेश, खुर्ची आणि बोधचिन्ह या सत्तेच्या चित्रांना. तीही वाचता आली पाहिजेत.

हाती यंत्र आहे, पण दृष्टी?

नव्या पिढीला या गोष्टी उपजतच कळतात, हा वडीलधाऱ्यांमध्ये रूढ असलेला एक गोड गैरसमज आहे. यंत्र चालविता येणे आणि यंत्रावर आलेले पारखता येणे या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत माध्यमिक शाळांतील १७० विद्यार्थ्यांना विचित्र आकाराच्या डेझी फुलांचे छायाचित्र दाखविले. जपानमधील फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघातामुळे ती फुले अशी झाली, असे त्यासोबत सुचविले होते. ते कोणी काढले, कोठे काढले, याचा काहीही पुरावा नव्हता. तरीही हा प्रश्न नीट उपस्थित करणारे विद्यार्थी २० टक्क्यांहूनही कमी निघाले. सुमारे ४० टक्के विद्यार्थ्यांना ते छायाचित्र हाच भक्कम पुरावा वाटला. ही तंत्रज्ञानात अग्रेसर देशातील मुले होती, हे ध्यानात घ्यावे.

म्हणूनच दृश्य साक्षरता शिकवावी लागते. या संज्ञेचा पुरस्कार अमेरिकेत जॉन डेब्ज यांनी १९६९ साली केला. आपल्या राज्याला साक्षरतेच्या कार्याची परंपरा आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि १९६१ साली ती राज्यभर नेण्यात आली. त्या मोहिमेत शिक्षक, गावचे पुढारी, शासकीय सेवक आणि विद्यार्थी एकत्र आले. अंगठा उठविणाऱ्या हातांनी सही केली, तेव्हा सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते विचारण्याचे धैर्यही त्या हातांत आले. अक्षरज्ञानाचे खरे मोल या विचारण्यात होते. आज भ्रमणध्वनीवर आलेल्या प्रत्येक चित्राला अंगठा लावून आपण ते पुढे धाडतो. अंगठ्याकडून सहीकडे जाण्याचा तो प्रवास पुन्हा एकदा करावयाचा आहे.

वर्गात काय करता येईल?

यासाठी नवा विषय, नवे पुस्तक किंवा नवा शिक्षक हवाच असे नाही. शाळेत जे आहे त्यातून पुष्कळ साधता येते.

प्रथम कलाशिक्षकाचा विचार करावा. शासकीय रेखाकला परीक्षेसाठी महाराष्ट्रातील विद्यार्थी वर्षानुवर्षे वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचा सराव करीत आले आहेत. वस्तुचित्र काढणाऱ्या मुलाला प्रकाश कोठून येतो आणि सावली कोठे पडते, हे बारकाईने पाहावे लागते. जवळची वस्तू मोठी, दूरची लहान, हा यथार्थदर्शनाचा नियम त्याच्या हातात बसलेला असतो. हीच नजर छायाचित्राकडे वळवावी. कलाशिक्षकाने जाड पुठ्ठ्याची एक चौकट कापून मुलांच्या हाती द्यावी आणि शाळेच्या आवाराची दोन दृश्ये निवडावयास सांगावीत. एकातून शाळा सुंदर दिसावी, दुसऱ्यातून तीच शाळा मोडकळीस आलेली वाटावी. दोन्ही दृश्ये खरी असतील. चौकट धरणाऱ्या हातात किती सत्ता असते, हे मुलांना एका तासात कळेल.

मराठीच्या शिक्षकाने एकाच छायाचित्राला तीन वेगवेगळ्या ओळी लिहून घ्याव्यात. रस्त्याच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्याच्या चित्राखाली ‘विसावा’ लिहिले, ‘निराधार’ लिहिले आणि ‘गाडीची वाट पाहताना’ लिहिले, तर चित्र तेच राहून अर्थ कसा पालटतो, याची चर्चा व्हावी. इतिहासाच्या तासाला जुन्या छायाचित्राकडे साधन म्हणून पाहावे. बखर कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, हे आपण विचारतो, तसेच छायाचित्रालाही विचारावे. गणिताच्या तासाला आलेख वाचावेत. शाळेची पटसंख्या ५० वरून ५२ झाली आणि आलेखाची उभी रेषा ४८ पासून सुरू केली, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच दिसेल, प्रत्यक्ष वाढ मात्र ४ टक्केच असेल. शासकीय अहवाल तयार करणाऱ्यांनीही हा पाठ मनावर घ्यावा, हे वेगळे सांगणे नको.

आठवीपासून पुढच्या मुलांना पडताळणीची कृती शिकवावी. चित्र आले की प्रथम थांबावे. नंतर पाच प्रश्न विचारावेत. हे मूळ कोणी प्रसिद्ध केले? कोठे आणि कधी घेतले? चौकटीच्या बाहेर किंवा फितीच्या आधी-नंतर काय असेल? हे पाहून मला राग, भीती किंवा लोभ वाटावा, अशी कोणाची इच्छा आहे काय? दुसऱ्या विश्वसनीय ठिकाणी याला दुजोरा मिळतो काय? यासाठी चित्रावरून चित्र शोधण्याची सोय भ्रमणध्वनीवर विनामूल्य उपलब्ध आहे. गूगल लेन्ससारख्या साधनात चित्र टाकले, की तेच चित्र पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले ते बहुधा सापडते. दुकानाच्या पाट्यांवरची लिपी, वाहनांचे क्रमांक, झाडे, पेहराव आणि हवामान यांवरूनही ठिकाणाचा अंदाज येतो. हा शोध मुलांना खेळासारखा वाटतो आणि त्यात ती मोठ्यांना सहज मागे टाकतात.

येथे एक सावधगिरी हवी. बनावट चित्रात बोटे सहा असतात, अक्षरे वेडीवाकडी असतात, असे सोपे ठोकताळे काही काळ उपयोगी पडले. परंतु यंत्रे सुधारत आहेत आणि हे दोष झपाट्याने नाहीसे होत आहेत. केवळ बोटे मोजावयास शिकलेला विद्यार्थी उद्या निर्दोष दिसणाऱ्या बनावट चित्रावर अधिकच विश्वास ठेवील. चित्राच्या आत दोष शोधण्याबरोबरच चित्राच्या बाहेर जाऊन त्याचे मूळ शोधणे, ही टिकाऊ विद्या आहे.

दुसरी सावधगिरी त्याहून महत्त्वाची आहे. प्रत्येक चित्र खोटेच मानावे, अशी शिकवण देणे हा उपाय नव्हे. सर्वच खोटे असेल तर अन्यायाचा खरा पुरावाही खोटा म्हणून झटकून टाकता येतो. ज्याचा दोष चित्राने उघड झाला तो ‘हे बनावट आहे’ असे म्हणून मोकळा होतो. संशयी समाज घडविणे हे उद्दिष्ट नाही, तर विवेकी समाज घडविणे हे आहे. काय मानू नये याइतकेच काय मानावे, हेही मुलांना कळले पाहिजे.

पाहणारा आणि करणारा

अक्षरसाक्षरतेत वाचनाबरोबर लेखन येते. दृश्य साक्षरतेतही चित्र पाहण्याबरोबर चित्र करणे आले पाहिजे. गावातील विहीर, बचत गटाचे काम, पिकावरची कीड किंवा आजीचा ओव्यांचा ठेवा यांवर मुलांनी दोन-तीन मिनिटांची चित्रफीत तयार करावी. पाच मिनिटांच्या चित्रीकरणातून दोन मिनिटे निवडताना काय गाळले आणि का गाळले, हे त्यांनी वर्गात सांगावे. ज्याने स्वतः कापाकापी केली त्याला दुसऱ्याची कापाकापी लवकर ओळखू येते.

करणाऱ्याची जबाबदारीही याच वेळी शिकवावी. दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून घेऊ नये आणि पसरवू नये. मुलींच्या छायाचित्रांचा दुरुपयोग करून त्यांना धमकावण्याचे प्रकार हा थट्टेचा विषय नसून दंडनीय अपराध आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये त्यासाठी शिक्षेच्या तरतुदी आहेत. मुले अठरा वर्षांखालील असतील तर बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा २०१२ चा कायदाही लागू होऊ शकतो. अशा प्रसंगी मुलीचा भ्रमणध्वनी काढून घेणे किंवा तिची शाळा बंद करणे हा न्याय नव्हे. दोष चित्र बिघडविणाऱ्याचा असतो, चित्रातल्या मुलीचा नसतो. ती निर्धास्तपणे ज्यांच्याकडे येऊ शकेल असे एक तरी शिक्षक किंवा शिक्षिका प्रत्येक शाळेत असलीच पाहिजे. तक्रारीसाठी सायबर गुन्ह्यांचे राष्ट्रीय पोर्टल आहे. पैशाची फसवणूक झाल्यास १९३० आणि मुलांच्या साहाय्यासाठी १०९८ हे क्रमांक आहेत. ते शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत असावेत.

प्रशासन आणि पंचायत

शासकीय यंत्रणेने पुढाकार घेतला तर किती काम होऊ शकते, याचे उदाहरण केरळातील कण्णूर जिल्ह्याने घालून दिले. २०१८ साली तत्कालीन जिल्हाधिकारी मीर मुहम्मद अली यांच्या पुढाकाराने ‘सत्यमेव जयते’ या नावाने सुमारे १५० शासकीय शाळांत खोट्या बातम्या आणि चित्रे ओळखण्याचे पाठ देण्यात आले. आधी शिक्षकांना प्रशिक्षण आणि मग वर्गात सुमारे ४० मिनिटांचा तास, असे त्याचे साधे स्वरूप होते. आलेला संदेश खरा कशावरून, हे मुलांनी घरी जाऊन वडीलधाऱ्यांना विचारावे, हा त्यामागचा हेतू. जे कण्णूरला घडले ते आपल्या जिल्ह्यांत घडू नये, असे काहीच नाही.

रैनपाड्यानंतर संदेश पसरविणाऱ्या माध्यमांवरही बंधने आली. व्हॉट्सॲपने २०१८ साली भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. २०२० साली, वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे केले. अशा संदेशावर दुहेरी बाण दिसतो. तो बाण म्हणजे सावधानतेचा इशारा समजावा. परंतु यंत्रातील बंधनाने वेग कमी होतो, विवेक येत नाही. तो गावातच निर्माण व्हावा लागतो.

ग्रामपंचायतीला यात मोठी भूमिका आहे. ग्रामसभेच्या आरंभी दहा मिनिटे गावात फिरणाऱ्या एखाद्या संदेशाची उकल करण्यासाठी द्यावीत आणि ती उकल शाळेतील मुलांनी करून दाखवावी. अफवा उठल्यास कोणाला विचारावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि मुख्याध्यापक यांची नावे आणि क्रमांक सर्वांना माहीत असावेत. भटक्या समाजातील माणसे गावात आली तर त्यांची विचारपूस माणुसकीने करावी. ओळखीच्या माणसावर अफवेचा रंग सहसा चढत नाही.

अधिकारीवर्गासाठीही एक सूचना नम्रपणे करावीशी वाटते. शासनाची कार्यालये स्वतः असंख्य छायाचित्रे प्रसिद्ध करतात. प्रत्येक छायाचित्राखाली ठिकाण, दिनांक आणि प्रसंग लिहिण्याचा दंडक पाळावा. वृक्षारोपणाच्या बातमीला जुने हिरवे चित्र आणि टंचाईच्या अहवालाला दुसऱ्या तालुक्यातील कोरडी विहीर जोडण्याचा मोह टाळावा. लोकांनी चित्राचे मूळ विचारावे अशी अपेक्षा असेल, तर आपल्या चित्रांना मूळ असले पाहिजे. केंद्र शासनाविषयीच्या खोट्या दाव्यांची छाननी करण्यासाठी पत्र सूचना कार्यालयाने २०१९ साली तथ्य-तपासणी विभाग सुरू केला. परंतु गावपातळीवरील अफवेला उत्तर गावपातळीवरच आणि घटकाभरातच मिळाले पाहिजे. उशिरा आलेल्या खुलाशाने मेलेली माणसे परत येत नाहीत.

बंधुभगिनींनो, रैनपाड्याच्या ग्रामपंचायतीच्या त्या खोलीत पाच माणसे मारली गेली. ज्या वास्तूत गावाचे शहाणपण एकत्र बसावे तेथेच हे घडले. त्या जमावापुढे उभे राहून ‘ही चित्रफीत कोठली आहे? तिचा शेवट कोठे आहे?’ असे कोणीतरी वेळेवर विचारणे आवश्यक होते. असा प्रश्न विचारणारा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक गावात तयार करणे, हे दृश्य साक्षरतेचे उद्दिष्ट होय. त्याची सुरुवात आपल्या शाळांत झालेलीच आहे. पहिलीच्या वर्गात गुरुजी मुलांना विचारतात, ‘या चित्रात काय दिसते?’ पुढच्या वर्गांत त्यांनी एवढेच आणखी विचारावे, ‘आणि काय दिसत नाही?’